मॅडमचं झाड

पहिल्या झाडाला अकरा पानं होती, दुसऱ्याला बारा, तिसऱ्याला पुन्हा अकरा. चौथ्याला नऊ, त्यातलं एक देठापासून मोडलेलं. आणि चौथ्या झाडाच्या मागे एक माणूस उभा होता.

तो तिथे कधीपासून होता ते सांगता येणार नाही, कारण मी वर बघत होते.

"झालं मोजून?" तो म्हणाला. "का माझे पण हातपाय मोजता?"

डोक्याला गमछा, हातात विळा, आणि शर्टावर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग. केळीचा डाग धुऊन जात नाही हे मला माहीत होतं. तो एखाद्याला शोभतो, हे पुस्तकात कुठे दिलेलं नव्हतं.

"मी चारुलता. शालिग्रामशेठच्या नर्सरीतून आलेय. मला समाधानभाऊंना भेटायचंय."

"भाऊ म्हटलं तर ते नाही भेटणार," तो गंभीरपणे म्हणाला. "नुसतं समाधान म्हटलं तर… हे काय, समोरच उभे आहेत."

दिवाळी नुकतीच झाली होती. दापोऱ्याच्या त्या बागेत रात्रीचं दव अजून पानांवरून टप… टप… गळत होतं आणि त्यातला एक थेंब नेमका माझ्या मानेवर पडला. मी दचकले. तो हसला नाही, पण हसू आवरायला त्याला विळा या हातातून त्या हातात घ्यावा लागला.

मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलेली, बुऱ्हाणपुरातल्या शाळामास्तरांची मुलगी. बी.एड.चा फॉर्म भरायचा सोडून शालिग्रामशेठांकडे नोकरीला लागले होते. काम कंटेंट मार्केटिंगचं. बाबांनी ते दोन शब्द एकदा म्हणून बघितले आणि शेजाऱ्यांना सांगितलं, "चारू केळीच्या रोपांच्या दुकानात आहे." ते काही चूक नव्हतं. शेठ प्रयोगशाळेत वाढवलेली केळीची रोपं विकतात. आतापर्यंत त्यांची जाहिरात गावोगावच्या भिंतींवर रंगवलेली असायची. मी त्यांना म्हटलं होतं, भिंतीवर गोष्ट सांगता येत नाही. मला एक झाड द्या.

"एक झाड?" समाधाननं आता तेच विचारलं. "कशाला?"

"आजपासून घड कापेपर्यंत त्याची गोष्ट दाखवायची. दर गुरुवारी तीन मिनिटांचा व्हिडिओ. पाणी किती दिलं, खत किती, पानं किती आली, कुठला रोग दिसला, काय चुकलं. ज्याला केळी लावायचीय त्याच्या उपयोगाचं सगळं."

"आणि रोपं घ्या हे कधी सांगणार?"

"नाही सांगणार."

त्यानं गमछा काढून तोंड पुसलं. "मतलब, शेठ तुम्हाला पगार देणार, आणि तुम्ही शेठचं नाव पण नाही घेणार?"

"नाव खाली बारीक अक्षरात असेल. हे बघा — लोकांना आधी कामाचं काहीतरी द्यायचं. फुकट, आणि खरं. पुन्हा पुन्हा द्यायचं. मग त्यांना वाटतं, यांना केळीतलं कळतं बुवा. रोपं घ्यायची वेळ आली की त्यांना आपणच आठवतो."

"भेळवाला हातावर शेव ठेवतो, तसं?"

"नाही. भेळवाला चव देतो. मी भेळ कशी करायची ते सांगते."

"मग तुमची भेळ कोण घेईल?"

"ज्याला घरी करायचा कंटाळा येईल तो. आणि ज्याला पटलं असेल की हिच्या भेळेत शिळं काही नसणार."

तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मी पानांकडे बघितलं. ती मोजून झालेली होती.

त्यानं लगेच मला पहिल्या ओळीत नेलं. तिथे एक झाड होतं — बुंधा कसा, पानं कशी, जणू लग्नाला निघालेलं. "हे घ्या. माझं एक नंबरचं."

"हे नको. मला साधं हवं. चिठ्ठ्या टाकू."

"पाहुण्यांसमोर कोणी रडकं पोरगं उभं करतं का?"

पण मी चिठ्ठ्या टाकल्याच. सातवी ओळ, एकविसावं झाड निघालं. ना उंच, ना बुटकं. समाधानची आई मालूबाई खुरपं घेऊन शेजारच्या ओळीतून हे सगळं बघत होती. "काय करून राहिली रे ही पोरगी?" तिनं विचारलं.

"माय, ती झाडाचं नशीब काढून राहिली," तो म्हणाला.

गुरुवार येत गेले. पहिल्या व्हिडिओला मोजकीच माणसं आली, त्यात माझी मावशी होती. तिसऱ्यात मी पानावरचे करपा रोगाचे ठिपके अगदी जवळून दाखवले आणि 'हे दिसलं तर एवढं पान कापा, सगळं कापू नका' एवढंच सांगितलं. तो व्हिडिओ कोणीतरी कोणाला पाठवला, त्यानं आणखी कोणाला. संक्रांतीपर्यंत जिल्ह्याच्या पार टोकाहून, देडतलाईहूनही प्रश्न यायला लागले. ताई, आमच्याकडे थंडीनं पानं पिवळी पडली. मॅडमजी, ड्रिप सकाळी चलाना या शाम को? मी प्रत्येकाला उत्तर देत होते. ज्याचं उत्तर माहीत नसायचं, ते समाधानला विचारत होते. कधी कधी माहीत असलेलंही विचारत होते.

झाडाला मी नाव दिलं नव्हतं. सात-एकवीस एवढंच म्हणायचे. पण दापोऱ्यात त्याचं नाव पडलं — मॅडमचं झाड. बैलगाडीवरून जाणारी माणसं थांबून विचारायची, "कसं आहे वं मॅडमचं झाड?" शेजारच्या बागेतले लोटूकाका तर घरी पाहुणे आले की त्यांना झाड दाखवायला आणायचे. आणि समाधान… तो कॅमेऱ्यासमोर आला की लाकूड व्हायचा.

"हात कुठे ठेवू?" तो विचारायचा.

"असतात तिथेच."

"मला कळतच नाही ते कुठे असतात. तुम्ही बघायला लागलात की."

"मी नाही, कॅमेरा बघतो."

"कॅमेऱ्याला मी घाबरत नाही, मॅडम," तो हळूच म्हणायचा, आणि मी पुन्हा पहिल्यापासून शूटिंग सुरू करायचे. आवाज नीट आला नाही, असं सांगून.

माघात बाग निसवायला लागली. शेंड्यातून जांभळं केळफूल बाहेर यायचं, खाली झुकायचं आणि त्याच्या पाकळ्या एकेक उघडून फण्या दिसायच्या. आता घडाचं वजन किती भरेल यावर आमच्या व्हिडिओखाली पैजा लागल्या. ज्याचा अंदाज जवळ, त्याला नर्सरीकडून बांधावर लावायला रोपं, असं शेठनीही जाहीर केलं. माणसं केवळ गंमत करत नव्हती. कितीतरी जण आमच्या झाडाला दिलेलं खतपाणी बघून आपल्या बागेचं ठरवत होते. मीच सांगितलं होतं त्यांना — हे साधं झाड आहे, तुमच्यासारखंच.

घड लागल्यावर शेजारची चार झाडंही मोजायची असं मी पहिल्यापासून ठरवलं होतं, तुलनेसाठी. त्या गुरुवारी टेप बुंध्याभोवती गुंडाळली आणि आकडा वाचून पुन्हा गुंडाळली. शेजारच्या चारांचा घेर अडुसष्ट ते एकाहत्तर सेंटिमीटर. सात-एकवीसचा चौऱ्याऐंशी. शेजारच्या घडांना आठ-नऊ फण्या. याला अकरा.

आभाळ भरून आलं होतं. हरभरा कापायच्या दिवसांत नको असलेली भुरभुर सुरू झाली. समाधाननं एक पान सपकन कापलं आणि माझ्या डोक्यावर धरलं.

"फोन भिजेल," तो म्हणाला.

"आणि मी?"

"तुम्ही वाळाल. फोन वाळत नाही."

पानाखाली हिरवा उजेड होता. त्याचा हात माझ्या खांद्याच्या वर, न लागता. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी तशीच उभी राहिले असते. पण मी खाली वाकले आणि बुंध्याजवळचा पालापाचोळा बाजूला केला.

"समाधान, या झाडाला ठिबकच्या दोन तोट्या का आहेत?"

"एक… एक खराब झाली होती."

"दोन्हीतून पाणी येतंय."

त्यानं पान या हातातून त्या हातात घेतलं.

"आणि ही पांढरी पूड? पोटॅश ना? किती टाकलं?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती?"

"मॅडम, तुम्ही पोलिसात का नाही गेलात?"

मी हसले नाही. तेव्हा त्यानं पान खाली केलं आणि पावसातच सांगून टाकलं. बाकीच्यांना एक वेळ, तर याला दोन वेळा. डिसेंबरपासून. "आणि मी एकटाच नाही. लोटूकाका येता-जाता गांडूळखताची ओंजळ टाकतात. माय—"

"मी तर निस्तं शेण टाकलं वं!" मालूबाईचा आवाज बागेतल्या झोपडीतून आला. "अन् ताक. एकदाच!"

"तीनदा," समाधान म्हणाला.

मला त्या सगळ्यांच्या मायेनं भरून यायला हवं होतं. पण दीड हजार शेतकरी एका लाडावलेल्या झाडाकडे बघून आपल्या बागेचा अंदाज बांधत होते, आणि ते साधं आहे हा शब्द माझा होता.

"का केलंत असं?" माझा आवाज चढला. "पहिल्याच दिवशी म्हटलं होतं ना, लाडकं नको?"

"दोन गुरुवारांत त्याची पानं पिवळी पडली होती. आठवतं? तुम्ही म्हणालात, मेलं तर मेलं, तेच दाखवू आणि गोष्ट संपवू." तो हातातल्या विळ्याशी बोलल्यासारखं बोलत होता. "तुम्ही तर आरामात म्हणालात. मी घरी जाऊन… झाड मेलं तर गोष्ट संपणार. गोष्ट संपली तर गुरुवार संपणार. मग मी पोटॅश टाकलं."

पाऊस पानांवर वाजत राहिला. मी टेप गुंडाळून ठेवली.

"हे लोकांना सांगावं लागेल," शेवटी मी म्हटलं.

"सांगा. माझं नाव घेऊन सांगा."

"अख्खं दापोरा हसेल तुम्हाला."

"हसू दे. तुम्ही रागावू नका, बस."

शालिग्रामशेठ मात्र रागावले. "अगं पोरी, अकरा फण्यांचा घड! यापेक्षा मोठी जाहिरात कोणती? तो फोटो भिंतीवर लावायचा सोडून तू म्हणते, माफी मागू?"

"काका, हीच तर जाहिरात नको होती आपल्याला. चार महिने लोक आपलं ऐकतात, कारण आपण त्यांना खोटं नाही सांगितलं. उद्या आपली रोपं लावून त्यांना आठच फण्या आल्या तर?"

"तर म्हणू, खत कमी पडलं."

"तेव्हा त्यांना भिंत आठवेल. मी नाही आठवणार."

शेठनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बुकिंगचा हंगाम तोंडावर होता. "टाक तुझा व्हिडिओ," ते म्हणाले. "पण बुकिंग पडलं, तर पुढल्या महिन्यापासून बी.एड. कर. तुझ्या बाबांना मी सांगेन."

बी.एड.चा मला राग नव्हता. पण नोकरी गेली तर दापोऱ्याला जायला माझ्याकडे कारण उरणार नव्हतं. त्या घटकेला मला पहिल्यांदा कळलं की मी पगाराचा विचार करत नाहीये.

आम्ही तो व्हिडिओ एकाच दमात काढला. समाधान यावेळी लाकूड झाला नाही. दोन तोट्या त्यानं स्वतः दाखवल्या, पोटॅशचं माप सांगितलं, शेण आणि ताकही सांगितलं. मी विचारलं: कधीपासून, किती वेळा, कोणकोणतं. शेजारची चार झाडं दाखवली आणि म्हटलं, तुमच्या बागेचा अंदाज यांच्यावरून करा, सात-एकवीसवरून नको. सगळं विचारलं. 'का' विचारलं नाही.

तो प्रश्न लोकांनी विचारला.

'भाई, दिलं का जास्त ते तर सांगा,' एकानं लिहिलं. त्याखाली दुसऱ्यानं, 'हमको समझ गया, मॅडम को समझा क्या?' देडतलाईचे एक आजोबा असावेत, त्यांनी फक्त एवढं लिहिलं होतं: 'आमच्या वेळी आम्ही पण एकीच्या बांधावरून फार जात होतो.' माझ्या मावशीनं हसण्याचे सात चेहरे पाठवले आणि मग आईला फोन केला.

मी पहिल्यांदाच कोणत्याच प्रतिक्रियेला उत्तर दिलं नाही. फोन उलटा ठेवला. सुलटा केला. पुन्हा उलटा.

मग दुसरेच प्रश्न यायला लागले, आणि ते मला सुचले नव्हते. एवढं जास्त खाऊन झाड जास्त देतं किती? परवडतं का? आता लोकांना पैज नको होती, उत्तर हवं होतं. म्हणून घड कापायच्या दिवशी आम्ही पाचही झाडांचे घड एकाच काट्यावर घातले. बागेत जत्रा भरली होती. लोटूकाका काट्याजवळ उभे राहून प्रत्येकाला सांगत होते की यात गांडूळखत त्यांचं आहे. शेजारच्या चार घडांची सरासरी पंचवीस किलो सहाशे ग्रॅम. सात-एकवीस चौतीस किलो दोनशे. म्हणजे दुप्पट खाऊन एक तृतीयांश जास्त. मी कॅमेऱ्यात बघून तेवढंच सांगितलं, हिशेब ज्याचा त्यानं करावा म्हणून.

त्या आठवड्यात नर्सरीचा फोन वाजायचा थांबेना. शेठ टेबलावर हात आपटत आले. "गेल्या सालापेक्षा जास्त बुकिंग! आणि जो तो विचारतो, नुसतं रोप घेतलं तर किती फण्या, ते खरं सांगा. अगं, तुझ्यापायी आता मला पण खरं बोलावं लागून राहिलं. ही एक नवी आफत!"

नोकरी राहिली. पण गोष्ट संपली होती. घड गेला, झाड कापलं गेलं, शेवटचा व्हिडिओ टाकून झाला. बागेतून निघताना समाधान माझ्या स्कूटीपर्यंत आला.

"त्याच्या बुडाशी फुटलेलं एक पील ठेवलंय," तो म्हणाला. "त्याची पण गोष्ट होईल ना? पुढल्या साली?"

"नाही होणार. लोक तेच तेच बघत नाहीत."

"अच्छा." त्यानं मान हलवली. गमछ्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मग बरोबर आहे. काम नाही तर कशाला…"

"काम नसताना येता येत नाही का?"

"तुम्हाला?"

"तुम्हाला," मी म्हटलं. "मी इतके गुरुवार आले. शहर दापोऱ्यापासून जेवढं लांब, तेवढंच दापोरा शहरापासून." आणि त्यानं काही म्हणायच्या आत स्कूटी सुरू केली. पुढच्या वळणावर मला कळलं की स्टँड वर घ्यायचा राहिलाय.

फोनवर ठरल्याप्रमाणे गुरुवारी संध्याकाळी तो बुऱ्हाणपुरात राजघाटावर आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, एकही डाग नाही. मी त्याला क्षणभर ओळखलंच नाही. तापीचं पाणी उन्हाळ्यानं आक्रसून पार खालच्या पायऱ्यांपलीकडे गेलं होतं. त्यावर ऊन तिरकं पडलं होतं. मी पायरीवर बसले होते. तो एक पायरी खाली बसायला लागला.

"इथे," मी शेजारी हात ठेवला.

तो बसला. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा ठेवून.

"बाबांना सांगून आलेय," मी म्हटलं. "कोणाला भेटायला चाललेय ते."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ताक टाकणारा का तोच?"

"ताक मायनं टाकलं होतं!" तो एकदम वळला. "तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

"तू."

"अं?"

"तुम्ही नको. तू म्हण."

तो नदीकडे बघायला लागला. पलीकडच्या काठावर कोणीतरी म्हैस पाण्यात घालत होतं. "तू…" तो म्हणाला आणि थांबला.

"पुढे?"

"पुढचं पाठ करून आलो होतो. नाक्यापर्यंत येत होतं."

"मग जेवढं आठवतं तेवढं सांग."

"एवढंच आठवतं की…" त्यानं श्वास घेतला. "मला तू आवडतेस. झाड नसतानाही. कॅमेरा नसतानाही. आणि कोणी विचारलं ना, का, तर मी सगळ्यांसमोर सांगेन. त्या दिवशी तू विचारलंच नाहीस."

"कारण ते सगळ्यांसाठी नव्हतं," मी म्हटलं. "ते एकटीला ऐकायचं होतं मला. मलाही तू… सात-एकवीस निघायच्या आधीपासून. त्या चौथ्या झाडापासून."

तो हसला. मग मधल्या जागेतून सरकला, आणि ती जागा उरली नाही.

"बघ," तो म्हणाला, "मी किती घाबरेन असं वाटलं होतं. काहीच नाही. एकदम नॉर्मल."

मी त्याचं मनगट हातात घेतलं, अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत पंधरा सेकंद मोजले. मग त्याला माझं मनगट दिलं. त्याला नाडी सापडेना, म्हणून त्याची बोटं मीच जागेवर ठेवली आणि त्यानं ओठ हलवत मोजलं.

बसल्या जागी, दर मिनिटाला: त्याचे ठोके एकशे सोळा. माझे एकशे चोवीस.